अमेरिकेत गाजला नाही, म्हणून?

ऑक्टोबर आला की कॅनडात गॉर्ड डाउनीच्या नावाने एक वाद पुन्हा वर येतो. 'द ट्रॅजिकली हिप' या बँडचा हा गायक आणि गीतकार १७ ऑक्टोबर २०१७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने गेला. काहींचं म्हणणं असं, की हा माणूस सरहद्दीपलीकडे फारसा कुणाला ठाऊकच नव्हता. रेडिओवर देशी गाणी वाजवायची सक्ती होती म्हणून तो मोठा झाला आणि अकाली मरणाने आणखी मोठा झाला. याच्या उलट काही जण छातीवर राष्ट्रध्वजावरचं मेपलचं पान लावून सांगतात, की डाउनी म्हणजेच कॅनडा, आणि त्याच्याविषयी वावगा शब्द काढणं म्हणजे देशाविषयी काढणं. २०२४च्या अखेरीपासून डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाला 'एक्कावन्नावं राज्य' म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून तर या दुसऱ्या मंडळींना जास्तच जोर चढला आहे.

मला हा वाद ऐकवत नाही. दोन्हीकडचे लोक एकच चूक करतात, ती म्हणजे गायकाची उंची नकाशावर मोजायची. तो सरहद्द ओलांडू शकला नाही म्हणून पहिल्यांच्या लेखी छोटा, आणि सरहद्दीच्या आत मावला म्हणून दुसऱ्यांच्या लेखी थोर. त्याने गाण्यांत सांगितलं काय, कोणाला सांगितलं, आणि तीस वर्षं ऐकणाऱ्यांनी त्याच्यावर जो विश्वास टाकला त्याचं त्याने शेवटी काय केलं, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा निवाडा या शेवटच्या प्रश्नावर व्हायला हवा. घरच्या माणसांचा विश्वास हे कलावंताचं सगळ्यात मोठं भांडवल असतं. डाउनीने ते साठवून ठेवलं नाही, आणि जिथे खर्च केलं तिथे ते खर्च व्हायलाच हवं होतं.

आधी अपयशाचा मुद्दा घेऊ, कारण तो साफ खोटा नाही. २५ मार्च १९९५ रोजी हा बँड न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात वाजला. डॅन अ‍ॅक्रॉइड हा मूळचा कॅनडाचा नट त्यांच्यासाठी रदबदली करून खास आला होता. त्या रात्रीनंतर अमेरिका उघडेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. अमेरिका उघडली नाही. त्याच वर्षी ऑटावाची एकवीस वर्षांची अ‍ॅलनिस मॉरिसेट लॉस एंजेलिसहून एक अल्बम घेऊन आली आणि जगभरात त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे कॅनडाच्या आवाजाला दार बंद होतं असं नाही, आणि ट्रॅजिकली हिपने ते दार ठोठावलंच नाही असंही नाही. त्यांचा करार एमसीए या अमेरिकन कंपनीशी होता. 'अप टू हिअर' हा अल्बम मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला, 'रोड अ‍ॅपल्स' न्यू ऑर्लिन्समध्ये, 'फुली कम्प्लीटली' लंडनमध्ये. पेज आणि प्लँटसारख्या दिग्गजांच्या आधी ते अमेरिकेतल्या मोठमोठ्या मंचांवर वाजले. 'त्यांना अमेरिका नकोच होती' ही भाविक चाहत्यांनी नंतर रचलेली कथा आहे आणि ती सोडून दिलेली बरी. त्यांना अमेरिका हवी होती, ती मिळाली नाही.

पण मग पुढचा प्रश्न विचारायला हवा. ती मिळावी म्हणून त्यांनी काय बदललं? काहीच नाही. १९९२च्या अल्बमात त्यांनी सस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतांतून तुरुंगात खितपत पडलेल्या एका निरपराध माणसापर्यंत पोचणारं गाणं लिहिलं, टोरंटोच्या एका मेलेल्या आइस हॉकीपटूवर लिहिलं. अमेरिकेने पाठ फिरवल्यावर, १९९८ साली, ओंटारिओतल्या तळ्याकाठच्या एका छोट्या गावाचं नाव त्यांनी गाण्याला दिलं: 'बॉबकेजन'. धंद्याचं गणित जाणणारा माणूस अशा वेळी गावाचं नाव पुसून तिथे 'एक दूरचं शहर' असं काहीतरी घालतो.

'इतके स्थानिक संदर्भ परक्यांना कळणार कसे?' असं यावर नेहमी म्हटलं जातं. वरवर शहाणपणाचं वाटणारं हे वाक्य फार घातक आहे. मेम्फिस, अलाबामा, न्यू जर्सी, मिसिसिपी ही नावं आपण कुठे पाहिली होती? सांगली-कोल्हापूरच्या कॉलेजांत इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या माझ्या पिढीने या गावांची नावं तोंडपाठ केली, एकाही गावात पाऊल न ठेवता, आणि कुणीही 'हे फारच स्थानिक आहे' अशी तक्रार केली नाही. अमेरिकेतलं खेडं विश्वव्यापी आणि कॅनडातलं खेडं मात्र स्थानिक, हा निवाडा कानाने दिलेला नसतो. कुणाची वितरणयंत्रणा किती लांब पोचते त्यावरून तो ठरतो. याचा पुरावा खुद्द अमेरिकेतच आहे. बफेलो आणि डेट्रॉइट या सरहद्दीला लागून असलेल्या शहरांत हिपला मोठा आणि निष्ठावान श्रोतृवर्ग होता, कारण तिथे कॅनडाचा रेडिओ ऐकू येत असे. जिथे गाणं पोचलं तिथे ते कळलं.

तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या केशिराजबासांना संस्कृतात ग्रंथ रचायचा होता, तेव्हा पंथाचे प्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. का, तर त्याने संस्कृत न येणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. संस्कृतात लिहिलं असतं तर तो ग्रंथ काशीच्या पंडितांपर्यंत गेला असता, हे नागदेवाचार्यांना कळत नव्हतं का? तरी त्यांनी ऐकणारा आधी ठरवला आणि भाषा त्याच्यावरून ठरवली. डाउनीला मी त्यांच्या पंगतीला बसवत नाही. पण 'मोठा श्रोता की माझा श्रोता' हा पेच जुना आहे आणि 'माझा श्रोता' असं उत्तर देणाऱ्याला कमी धावेचा ठरवण्याचं आपल्याला, निदान मराठी माणसांना, काही कारण नाही.

आता सक्तीचा मुद्दा. कॅनडात १९७१पासून रेडिओ केंद्रांना काही टक्के देशी संगीत वाजवणं बंधनकारक आहे. सुरुवातीला ३० टक्के, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ३५. गाणं देशी ठरवायला संगीत, गायक, सादरीकरण आणि शब्द अशा चार कसोट्या आहेत आणि त्यांतल्या किमान दोन पुऱ्या व्हाव्या लागतात. या नियमाने हास्यास्पद प्रसंगही घडवले. १९९१ साली ब्रायन अ‍ॅडम्ससारखा अस्सल कॅनेडियन गायक, परदेशी सहलेखकाबरोबर गाणी लिहिली म्हणून, कागदोपत्री परका ठरला. या नियमाचा हिपला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. काही गाणी इतकी वाजली की त्यांचा वीट यावा, हेही खरं.

पण नियम गाणं वाजवू शकतो, लोकांच्या ओठांवर बसवू शकत नाही. हाच नियम शेकडो बँडना लागू होता आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. 'अप टू हिअर' आणि 'फुली कम्प्लीटली' यांच्या एकट्या कॅनडात दहा-दहा लाखांवर प्रती खपल्या. रेडिओवर फुकट ऐकू येणारं गाणं लोकांनी खिशातले पैसे मोजून घरी नेलं, तेव्हा त्यांच्यावर कोणती सक्ती होती? १९७१च्या आधी नील यंग, जोनी मिचेल आणि कितीतरी जणांना गायचं तर देश सोडावा लागला होता. त्या काळात एखादा डाउनी किंग्स्टनजवळच्या अ‍ॅम्हर्स्टव्ह्यूमध्ये गाऊ लागला असता तर बहुधा तोही गेला असता, आणि गव्हाच्या शेतांवरचं ते गाणं कधी लिहिलंच गेलं नसतं. घराचं दार आतून उघडं ठेवणं, एवढंच त्या नियमाने केलं.

त्या गाण्यात काय आहे हे झेंडेवाल्यांनीही एकदा नीट ऐकावं. 'व्हीट किंग्ज' हे गाणं तळ्याकाठच्या शेकोटीभोवती, हातात बिअर घेऊन, डोळे मिटून म्हटलं जातं. ते आहे डेव्हिड मिलगार्डवर. १९७० साली, सतराव्या वर्षी, सास्काटूनमधल्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली. खून त्याने केला नव्हता. त्याच्या आईने वर्षानुवर्षं दारं ठोठावली, तेव्हा कुठे १९९२ साली, तेवीस वर्षं आत काढून, तो बाहेर आला. त्याचं निर्दोषत्व डीएनए चाचणीने पक्कं व्हायला १९९७ उजाडलं. ज्या वर्षी तो सुटला त्याच वर्षी हे गाणं आलं. म्हणजे देशाच्या न्यायव्यवस्थेने एका पोराचं तारुण्य खाल्लं, त्याची ही नोंद आहे, आणि देश ती अंगाईसारखी गातो. चाल इतकी हळुवार, की आरोप पोटात शिरतो तरी कळत नाही. हॉकीवरच्या गाण्याचंही तसंच. बिल बॅरिल्कोने १९५१ साली टोरंटोला अजिंक्यपद मिळवून देणारा गोल केला, त्याच उन्हाळ्यात तो विमानासकट नाहीसा झाला, आणि त्याचे अवशेष सापडायला १९६२ साल लागलं. योगायोग असा, की टोरंटोने त्यानंतरचं अजिंक्यपद जिंकलं तेही त्याच १९६२ साली. डाउनीला हे सगळं मिळालं ते हॉकीच्या चित्रकार्डाच्या पाठीमागच्या चार ओळींत. इतिहास कुठे पडलेला असतो आणि कुणी उचलायचा असतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. असा माणूस झेंडा नाचवणारा कसा? देशावर प्रेम करावं तर त्याच्या हरवलेल्या आणि गाडलेल्या माणसांची नावं माहीत असावीत, अशी त्याची धारणा त्याच्या गाण्यांतून दिसते, आणि ती झेंड्याला सोयीची नाही.

मग २०१६ आलं. २४ मे रोजी बँडने जाहीर केलं, की डाउनीला ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा असाध्य कर्करोग झाला आहे आणि तरीही तो दौरा करणार आहे. स्मरणशक्तीवर परिणाम झाला होता. स्वतःच लिहिलेली गाणी म्हणायला मंचावर शब्द दाखवणारे पडदे लावावे लागले. त्या शरद ऋतूत दूरचित्रवाणीवर मुलाखत देताना समोरच्या माणसाचं नाव त्याने स्वतःच्या हातावर लिहून आणलं होतं. जुलैमध्ये व्हिक्टोरियाहून निघालेला दौरा २० ऑगस्टला किंग्स्टनमध्ये, घरी, संपला. शेवटचा कार्यक्रम सीबीसी या देशाच्या सार्वजनिक वाहिनीने जाहिरातींशिवाय थेट दाखवला आणि त्यांच्या मोजणीप्रमाणे १ कोटी १७ लाख लोकांनी पाहिला. तेव्हा देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या घरात होती.

आमच्या गावातल्या चौकातही पडदा लावला होता. मी ओंटारिओत येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, हिपची चारदोन गाणी ओळखीची होती, एवढंच. घडीच्या खुर्च्या, मांडीवर झोपलेली मुलं, आणि साठीच्या पुढची माणसं शब्दन् शब्द म्हणताहेत. इतकी माणसं एकत्र येऊन एका गायकाला निरोप देताना मी त्याआधी पाहिली नव्हती. आणि मधेच त्या आजारी माणसाने गाणं थांबवलं आणि सभागृहात बसलेल्या तेव्हाच्या पंतप्रधानांकडे, जस्टिन ट्रूडोंकडे, वळून उत्तरेकडच्या आदिवासींविषयी बोलायला सुरुवात केली. तिकडे काय चाललं आहे त्यातलं अक्षरही कानावर पडू न देण्याचं शिक्षण आपल्याला आयुष्यभर दिलं गेलं आहे, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ होता. चौकात क्षणभर शांतता झाली. माझ्या शेजारच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मी नागरिकत्वाची परीक्षा दिलेली होती. त्या परीक्षेच्या पुस्तिकेत आदिवासी मुलांच्या निवासी शाळांविषयी एक परिच्छेद आहे, तो मी पाठही केला होता. पण पाठ करणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला त्या चौकात उमगलं.

दोन महिन्यांनी 'सीक्रेट पाथ' आलं: दहा गाणी, त्यांच्या जोडीला जेफ लेमायर या चित्रकाराने काढलेलं चित्रपुस्तक, आणि २३ ऑक्टोबरला दूरचित्रवाणीवर दाखवलेला चित्रपट. विषय होता चेनी वेन्जॅक.

चेनी बारा वर्षांचा होता. ओगोकी पोस्ट या उत्तर ओंटारिओतल्या वस्तीतला अनिशिनाबे आदिवासी मुलगा. सरकारच्या पैशाने आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या निवासी शाळांत आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवलं जाई; त्यांची भाषा, त्यांची नावं, त्यांचे केस, सगळं काढून घेतलं जाई. चेनी केनोराजवळच्या सेसिलिया जेफ्री शाळेत होता. तिथे त्याचं नाव चार्ली झालं. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी तो दोन मित्रांबरोबर तिथून पळाला. ते दोघे भाऊ रेडिटजवळ आपल्या मामाकडे थांबले, चेनी एकटाच पुढे निघाला. त्याला घरी वडिलांकडे जायचं होतं. घर होतं सुमारे ६०० किलोमीटरवर, आणि आपण किती लांब आहोत याचा त्याला अंदाज नव्हता. अंगात पातळ जाकीट. जवळ काचेच्या बरणीत सात काड्या, आगपेटीतल्या. रेल्वेच्या रुळांच्या कडेने तो चालत राहिला, बर्फात आणि गोठत्या पावसात. २३ ऑक्टोबरला त्याचा देह रुळांशेजारी सापडला.

नंतर केनोराला चौकशी बसली. तिथल्या ज्यूरीने आदिवासींच्या शिक्षणाच्या या पद्धतीचाच अभ्यास व्हावा असं सुचवलं आणि शेवटी एक छोटा प्रश्न लिहिला: हे बरोबर आहे का? फेब्रुवारी १९६७मध्ये 'मॅक्लीन्स' या देशातल्या प्रमुख नियतकालिकात इयन अ‍ॅडम्स या पत्रकाराने चेनीवर सविस्तर लेख लिहिला. ते वर्ष कॅनडाच्या शंभरीचं होतं, माँट्रियलला जागतिक प्रदर्शनाची तयारी जोरात होती. प्रश्न छापून आला, वाचला गेला, आणि पुढे तीस वर्षं शाळा चालूच राहिल्या. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९०च्या दशकात. पुढे सत्य आणि समेट आयोगाने सात वर्षं काम करून २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. या शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली होती.

आता डाउनीवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप, ज्याला झेंडेवाल्यांनी कधी उत्तर दिलं नाही आणि 'अमेरिकेत गाजला नाही'वाल्यांना तो सुचलाही नाही. एका गोऱ्या, यशस्वी, सगळ्यांच्या लाडक्या गायकाने एका आदिवासी मुलाचं मरण गाण्यासाठी का उचलावं? आणि त्याने उचलल्यावरच देशाला रडू का आलं? विली डन या मिगमॉ आदिवासी वंशाच्या गायकाने चेनीवर गाणं लिहिलं होतं, तेही १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे डाउनी शाळेत असताना. ते गाणं साधं, सुरेल आणि जीवघेणं आहे. ते या कोटीभर लोकांपैकी किती जणांनी ऐकलं होतं? चेनीच्या बहिणी त्याच शाळेत होत्या आणि आपल्या भावाविषयी पन्नास वर्षं बोलत होत्या. त्यांना जाहिरातींशिवायची सलग वेळ कुणी दिली?

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. मराठीत हा प्रश्न आपल्याला नवा नाही. साठ-सत्तरच्या दशकांत दलित लेखकांनी प्रस्थापितांना विचारलं होतं, की आमचं दुःख तुम्ही सहानुभूतीने रंगवता, पण ते सोसलं कुणी, आणि सोसणारा बोलू लागला की तुमचे कान कुठे जातात? त्या प्रश्नाने मराठी साहित्य कायमचं बदललं. कॅनडातला प्रश्न तोच आहे आणि तितकाच न्याय्य आहे.

पण तो विचारायचा कुणाला? मला वाटतं, तो डाउनीला नव्हे, त्याच्या श्रोत्यांना विचारायचा प्रश्न आहे, आणि मी त्या श्रोत्यांत स्वतःला धरते. विली डनच्या गाण्यात कमी होती म्हणून ते ऐकलं गेलं नाही, असं नाही. आम्ही ज्याचं ऐकायचं ठरवून बसलो होतो त्याचं ते नव्हतं. अशा वेळी ज्याचं ऐकलं जातं त्याने काय करावं? गप्प बसावं? गप्प बसल्याने विली डनला एकही श्रोता मिळणार नव्हता. डाउनीने आपला श्रोतृवर्ग घेतला आणि त्याला त्या रुळांपाशी नेऊन उभं केलं. हे करताना तो परस्पर मोकळा झाला नाही. तो आणि त्याचा भाऊ माइक सप्टेंबर २०१६मध्ये विमानाने ओगोकी पोस्टला गेले आणि चेनीच्या घरच्यांना भेटले. मिळणारं उत्पन्न विनिपेगच्या सत्य आणि समेट केंद्राकडे वळवलं. आपल्या निवेदनात त्याने स्वच्छ लिहिलं, की आपण स्वतःला जो देश समजत आलो तो आपण नाही. डिसेंबरमध्ये आदिवासी राष्ट्रांच्या महासभेने त्याला गरुडाचं पीस दिलं आणि 'ताऱ्यांमधून चालणारा' अशा अर्थाचं लकोटा या आदिवासी भाषेतलं नाव दिलं, तेव्हा तो सगळ्यांदेखत रडला. त्या सभेतले सगळेच भोळे होते असं म्हणायचं धाडस डाउनीचे टीकाकार करतील का?

'मरताना पुण्य जोडायची घाई' असंही काहींनी म्हटलं आहे. हे तर तारखांपुढेच टिकत नाही. 'सीक्रेट पाथ'ची गाणी २०१३च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, किंग्स्टनजवळ बाथ गावातल्या स्टुडिओत, ध्वनिमुद्रित झाली. आजाराचं निदान झालं डिसेंबर २०१५मध्ये. दोन वर्षं आधी, धडधाकट असताना, त्याने हे काम केलं होतं. आजाराने फक्त ते बाहेर आणण्याची निकड वाढवली. आणि त्याही मागे जाऊन पाहिलं तर मिलगार्डवर गाणं लिहिणारा आणि चेनीवर गाणं लिहिणारा माणूस एकच आहे हे लख्ख दिसतं. दोन्हीकडे एक पोरगा, दोन्हीकडे त्याला गिळणारी संस्था, दोन्हीकडे शेजारी गप्प.

एका ठिकाणी मात्र मी डाउनीच्या बाजूने उभी राहू शकत नाही. त्या रात्री किंग्स्टनमध्ये त्याने पंतप्रधानांवर विश्वास टाकला. हा माणूस आपल्याला जिथे न्यायला हवं तिथे नेईल, असं देशाला सांगितलं. तो विश्वास घाईचा होता. आदिवासी वस्त्यांमधलं पाणी पिण्याजोगं करण्याची सरकारची मुदत मार्च २०२१ होती. ती पाळली गेली नाही. आणि चेनीची ओगोकी पोस्ट ज्या मार्टेन फॉल्स समाजाची आहे, तिथे २००५पासून पाणी उकळून प्यायची सूचना लागू होती, म्हणजे डाउनी मंचावर बोलत होता त्या रात्रीही. सत्तेवरच्या माणसाला लोकांसमोर शब्दात बांधावं हा डाउनीचा हेतू असावा, आणि तो मला समजतो. पण लोकांनी बांधणं ऐकलं नाही, कौतुक ऐकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि टाळ्यांनी सरकारला नेहमीच सोडवलं आहे.

तसंच आज त्याच्या नावाने चालणाऱ्या निधीचं. शाळांत, कचेऱ्यांत स्मरणाच्या खोल्या होतात, ऑक्टोबरात आठवडा साजरा होतो, मुलं चित्रं काढतात. माझ्या मुलीनेही सात काड्यांचं चित्र काढून आणलं होतं आणि घरी आल्यावर तिने विचारलं, 'आई, तो घरी पोचला असता तर त्याला परत नेलं असतं का?' या प्रश्नासाठी मी त्या निधीची ऋणी आहे. माझ्या पिढीच्या नागरिकत्वाच्या पुस्तिकेने हा प्रश्न माझ्यात उभा केला नव्हता. आपण स्थलांतरित मराठी लोक 'हे तर गोऱ्यांनी केलं, आपला काय संबंध' असं म्हणून बाजूला होतो तेही मला खटकतं. घर घेतलं, पासपोर्ट घेतला, मग हिशेबातला हा भाग तेवढा दुसऱ्याचा कसा?

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, की हो, नेलं असतं. मग तिने विचारलं, की आता नाही ना नेत. इथे मला थांबावं लागलं. उत्तर ओंटारिओतल्या कितीतरी दुर्गम वस्त्यांत आजही माध्यमिक शाळा नाही. चौदा वर्षांची मुलं विमानात बसून शेकडो किलोमीटरवरच्या थंडर बेला येतात आणि अनोळखी घरांत राहून शिकतात. २००० ते २०११ या काळात अशी सात मुलं तिथे दगावली, त्यांतली बरीचशी नदीत सापडली. त्यांच्या मृत्यूंची चौकशी जून २०१६च्या अखेरीस संपली आणि ज्यूरीने १४५ शिफारशी लिहिल्या. किंग्स्टनचा कार्यक्रम त्यानंतर आठ आठवड्यांनी झाला. उत्तरेत जे चाललं आहे ते ऐका, असं डाउनी म्हणाला, तेव्हा चेनीला जाऊन पन्नास वर्षं होत आली होती, आणि ही चौकशी नुकतीच संपली होती. आमच्या चौकातल्या त्या गर्दीत ती कुणाला ठाऊक असल्याचं मला तरी जाणवलं नाही. मलाही ती ठाऊक नव्हती.